धारेची कड: सस्क्वेहानावरचे चार दिवस

गुरुवार

"एवढ्या पाण्यात मासा हुडकायचा कुठं गं?"

रॉकव्हिलच्या पुलापाशी गाडीतून उतरल्या उतरल्या मामांनी विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. पेनसिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्ग शहराच्या जरा वरच्या अंगाला सस्क्वेहाना नदी जवळजवळ मैलभर रुंद आहे. पलीकडची झाडं धुरकट दिसतात. ऑगस्टचा मध्य, पाणी उतरलेलं. शहरातल्या मापकावर पातळी साडेतीन फुटांच्या आसपास. जून 1972 मध्ये ॲग्नेस वादळाच्या पुरात याच ठिकाणी ती 32 फुटांच्या वर गेली होती. आता त्याच पात्रात बहुतेक ठिकाणी गुडघा ते कंबर एवढं पाणी, आणि त्याखाली नुसता कातळ.

मामा पारनेर तालुक्यातले, कुकडीकाठचे. वय 71. मे महिन्याच्या सुट्टीत मी आजोळी गेले की मला खांद्यावर घेऊन नदीवर जायचे. पोहायला त्यांनीच शिकवलं, गळ बांधायलाही त्यांनीच. यंदा पहिल्यांदाच अमेरिकेत आले आणि दुसऱ्याच आठवड्यात म्हणाले, "दुकानं झाली, देवळं झाली, आता एखादी नदी दाव." मी गेली सहा वर्षं न्यू जर्सीहून या नदीवर येते, ती स्मॉलमाउथ बास या माशासाठी. मामांचा तीन दिवसांचा पर्यटक परवाना काढला, तो शुक्रवारपासूनचा. गुरुवार मुद्दाम मोकळा ठेवला, नुसतं पाणी बघायला.

माझ्या मते हा दिवस वाचवू नये. या नदीवर मासा शोधता येत नाही. पाणी वाचावं लागतं. बासला दोन गोष्टी हव्या असतात: अंगाला ओढ लागणार नाही अशी जागा, आणि खाणं वाहत येईल अशी धार. नुसत्या धारेत त्याची ताकद खर्च होते, नुसत्या संथ पाण्यात तो उपाशी राहतो. म्हणून तो दोन्हींच्या शिवेवर उभा राहतो, संथ बाजूला अंग आणि वेगवान बाजूला डोळा. या शिवेला मामा "धारेची कड" म्हणतात. मला इतकी वर्षं तिच्यासाठी चांगला मराठी शब्द सापडत नव्हता.

रॉकव्हिलचा पूल म्हणजे या गोष्टीची शाळाच. 1902 साली बांधलेला, दगडी, 48 कमानींचा, आजही मालगाड्या त्यावरून जातात. प्रत्येक खांबाच्या तोंडावर पाणी फुगतं, दोन्ही कुशींनी सुटतं, आणि खाली खांबाच्या सावलीसारखी लांब शांत पट्टी पडते. मामा काठावर उकिडवे बसले आणि अर्धा तास काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "खांबाच्या मागं आहेच तो. पण पुढंही असणार, जिथं पाणी थडकून थांबतंय तिथं." हे मला पहिली दोन वर्षं कळलं नव्हतं. खडकाच्या वरच्या तोंडाशी पाण्याची एक उशी तयार होते. सगळ्यात दांडगा मासा पुष्कळदा तिथंच असतो, कारण वाहून येणारं खाणं तिथं सगळ्यात आधी पोचतं.

पुलावरून एक लांबलचक मालगाडी गेली तेव्हा मी त्यांना सांगितलं की हा मासा या बाजूच्या नद्यांत मुळात नव्हता, तो रेल्वेनं आला. 1854 मध्ये बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या वाफेच्या इंजिनामागच्या पाण्याच्या टाकीत थोडे बास घालून डोंगरापलीकडून पोटोमॅकच्या खोऱ्यात आणले, कंबरलँडला सोडले, आणि पुढं पंधरा-एक वर्षांत ते सस्क्वेहानातही आले. मामांना हे फार आवडलं. गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

परतताना शहरातला डॉक स्ट्रीटचा बुटका बांध लांबूनच दाखवला. वरून बघावं तर चार बोटं पाणी सांडतंय असं वाटतं, पण पायथ्याशी पाणी उलटं फिरतं आणि आत गेलेल्याला सोडत नाही. अनेकांचे जीव गेले आहेत तिथं. या नदीत उतरणाऱ्यानं आधी हा बांध नकाशावर ओळखून ठेवावा, मग मासा.

शुक्रवार

पहाटे साडेपाचला ज्युनियाटावर. ही सस्क्वेहानाची उपनदी, डंकॅननपाशी तिला मिळते. रुंदी बेताची, पाणी नितळ, पायी उतरून धरायला सोपी. नवख्याला मी नेहमी आधी इथंच नेते. मोठ्या नदीत जे मैलभर पसरलेलं असतं ते इथं हाताच्या अंतरावर दिसतं.

न्यूपोर्टच्या खाली एका ठिकाणी उतरलो. कमरेला पट्टा, अंगात लाइफ जॅकेट, हातात काठी, बुटांच्या तळाला लोखंडी खिळे. शेवाळ धरलेल्या धोंड्यांवर साधे बूट म्हणजे हाड मोडून घेणं. मामांनी बूट आधी नको म्हटले, दोन पावलं टाकली आणि मुकाट्यानं घालून आले.

पाण्याचं तापमान 25 अंश. एवढ्या उन्हाळी पाण्यात बास सकाळी उथळ खळाळावर येतो, कारण तिथं हवा पाण्यात मिसळलेली असते आणि क्रेफिश दगडांखालून बाहेर पडलेले असतात. क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातली बोटाएवढी शेवंड. बासचं हे रोजचं जेवण. ऊन चढलं की तो खळाळाखालच्या डोहाच्या तोंडाशी, मोठ्या धोंड्याच्या सावलीला सरकतो. थंडीत पाणी दहा अंशांच्या खाली गेलं की मैलोन्‌मैल चालत जाऊन खोल, संथ डोहात दाटीवाटीनं पडून राहतो. म्हणजे ऑगस्टमधली जागा नोव्हेंबरमध्ये रिकामी. "मागच्या वेळी इथंच लागला होता" या वाक्यावर मी आता विश्वास ठेवत नाही. तेव्हा पाणी किती होतं आणि किती गार होतं हे आधी विचारते.

वीसेक पावलं वर एक चिन्ह होतं. पाण्यावर नांगराच्या फाळासारखी रेघ, टोक वरच्या बाजूला रोखलेलं. टोक वर असलं की त्या टोकाशी धोंडा आहे. टोक खाली असलं की दोन धोंड्यांमधून वाट आहे. आणि पाण्याखाली बुडालेला धोंडा असेल तर वर नुसता गुळगुळीत फुगवटा दिसतो. इथं माणूस फसतो. फुगवटा दिसतो तिथं धोंडा नसतो. तो त्याच्या वर असतो, हातभर किंवा दोन हात, धारेच्या जोरावर अवलंबून. मी कितीतरी महिने फुगवट्यावर गळ टाकत होते आणि मासा माझ्या गळाच्या मागं, वर बसलेला असायचा.

मामांना स्पिनिंग रॉड दिला. शिशाचं हलकं डोकं आणि त्यावर क्रेफिशच्या रंगाची रबरी ट्यूब. त्यांनी फाळाच्या टोकाच्या वर टाकलं, दोरी ताणली नाही, ढिलीही सोडली नाही, आणि आमिष तळावर टकटक करत धोंड्याच्या कुशीतून येऊ दिलं. दुसऱ्या खेपेला दोरी थांबली. झटका नाही, ओढ नाही, नुसती थांबली, दगडात अडकावी तशी. मामांनी मनगट उचललं आणि रॉड वाकला.

मासा दोनदा पाण्याबाहेर उडाला. मग खाली बसला आणि धारेत आडवा झाला; ही त्याची जुनी खोड, धारेचं वजन तो आपल्या बाजूनं वापरतो. पाच मिनिटांनी मामांच्या ओल्या हातात आला. सव्वा फूट असेल. काशाच्या वाटीचा रंग, अंगावर उभे काळपट पट्टे, डोळे गुंजेसारखे लाल. जबड्याचा कोपरा डोळ्याखाली संपतो म्हणून स्मॉलमाउथ. लार्जमाउथचा तोच कोपरा डोळ्याच्या मागं जातो.

"सोडायचा?" मामांनी विचारलं. त्यांच्या आवाजात हट्ट नव्हता, पण नदीवरून रिकाम्या हातानं घरी जायची त्यांना सवय नाही.

सोडायचाच. 2005 च्या उन्हाळ्यात या दोन्ही नद्यांत बोटाएवढी पिल्लं अंगावर फोड घेऊन मरताना सापडली. पुढची काही वर्षं हेच चाललं. मोठे मासे हातात यायचे, मधल्या वयाचे नसायचेच. पिढीच्या पिढी गळाली होती. शास्त्रज्ञांना एकच गुन्हेगार सापडला नाही: जिवाणू, परजीवी, शेतांतली तणनाशकं, शरीरातल्या संप्रेरकांची गडबड करणारी रसायनं, सगळ्यांचा हात निघाला. नरांच्या वृषणांत अंड्यांच्या पेशी दिसल्या. 2012 पासून सस्क्वेहानाचा मधला लांब पट्टा आणि ज्युनियाटाचा खालचा भाग इथं बास धरला की तिथल्या तिथं सोडण्याचा नियम आहे. संख्या आता बरीच सावरली आहे. 2012 मध्ये मी इथं नव्हते, पण ज्यांनी तेव्हा हा नियम मागितला त्यांचे मी मनापासून आभार मानते. मामांनी ऐकलं, मासा पाण्यात तोंड वर करून धरला, कल्ले चालायला लागल्यावर बोटं उघडली. म्हणाले, "कुकडीतला शिवडा आम्ही असा जपला असता तर."

दुपारी पाणी आणखी नितळल्यावर पात्रात आरपार एक दगडी रांग दिसली, दोन हातांसारखी, खाली निमुळती होत जाणारी. हे मासे कोंडायचे जुने बांध. गोरे लोक येण्याआधी इथल्या मूळ रहिवाशांनी रचलेले. पुढं वसाहतवाल्यांनी त्यांवरच ईल मासे धरले. समुद्राकडून येणारे ईल नंतर खालच्या धरणांनी अडवले. त्यातलं मेरीलँडचं कॉनोविंगो धरण 1928 चं. ईल गेले, दगड राहिले. टोकाशी टोपली लावायची असे, हे मामांना समजावून सांगावं लागलं नाही. आज त्या टोकाशी पाण्याची घळ पडली आहे आणि तिच्या दोन्ही कडांना बास असतात. तीन तिथंच मिळाले.

संध्याकाळी आम्ही डोहाच्या शेपटाशी थांबलो, जिथं संथ पाणी पुढच्या खळाळाकडे वळायला लागतं. सूर्य डोंगराआड गेला आणि पाण्यातून पांढऱ्या पाकोळ्या उठू लागल्या. एक, दहा, मग मोजदाद संपली. आपल्याकडं पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती वाळवीचे पंख उडतात तशा, पण नदीभर. तळाच्या गाळात बिळं करून राहिलेल्या या किड्यांना बाहेर तासा-दोन तासांचं आयुष्य असतं: जोडी लागते, अंडी पाण्यात पडतात, संपलं. त्या तासाभरात बास आपली धोंड्याची जागा सोडतो. खाणं स्वतःहून सगळीकडे पडत असताना कडेला दबा धरायची गरज काय? उथळ शेपटाच्या आरशासारख्या पाण्यावर गोल उठत होते, इथं, तिथं, आमच्या गुडघ्यापाशी. मामांच्या पांढऱ्या केसांत पाकोळ्या बसल्या होत्या. त्यांनी रॉड केव्हाच काखेत धरला होता.

शनिवार

रात्री पश्चिमेकडे पाऊस झाला. सकाळी ज्युनियाटा चहाच्या रंगाची.

मन खट्टू झालं, पण हीच वेळ संगमावरून खाली बघायची होती. डंकॅननखाली दोन नद्या एका पात्रात येतात, पण एक होत नाहीत. ज्युनियाटाचं पाणी पश्चिमेच्या काठानं, मुख्य नदीचं पूर्वेच्या काठानं, असं शेजारी शेजारी पुष्कळ लांबवर जातं. पात्र रुंद आणि उथळ, आडवं मिसळायला जोर कुठून येणार? आज ते डोळ्यांनी दिसत होतं: अर्धी नदी गढूळ, अर्धी हिरवट.

फोर्ट हंटरला, पूर्वेच्या काठावर, कयाक पाण्यात टाकली. वर डॉफिनपाशी जुन्या रेल्वेपुलाच्या एका उरलेल्या खांबावर स्वातंत्र्यदेवीचा छोटा पुतळा उभा आहे, 1986 मध्ये कुणीतरी गुपचूप उभा केलेला. वादळात पडल्यावर लोकांनी वर्गणी काढून नवा बसवला. मामांनी त्याला नमस्कार केला.

इथं नदी डोंगररांगा कापत येते. डोंगराचा कडक वालुकाश्म पाण्याखालूनही तसाच आडवा जातो, म्हणून पात्रात एकामागून एक दगडी पायऱ्या आहेत, काठापासून काठापर्यंत. इंग्रजीत लेज म्हणतात. पायरीच्या वर पाणी घोटाभर, खाली एकदम छातीइतकं. बाहेरून सगळ्या पायऱ्या सारख्या दिसतात, आणि नवखा माणूस पायरीच्या लांबीभर गळ टाकत दिवस घालवतो. बघायची ती फट. पायरी जिथं तुटली आहे तिथून पाणी जीभ काढल्यासारखं सुटतं, आणि त्या जिभेच्या दोन्ही बाजूंना, पायरीच्या पोटाशी, उलट फिरणाऱ्या भोवऱ्या असतात. मोठ्या भोवरीत पाणी वर वाहतं, म्हणून तिथला बास तोंड खाली करून उभा असतो. माशाचं तोंड नेहमी नदीच्या उगमाकडे असं पाठ केलेल्या माणसाला हे पटत नाही. त्याचं तोंड उगमाकडे नसतं, येणाऱ्या पाण्याकडे असतं.

दुसऱ्या फटीपाशी उतरताना माझा पाय घसरला. गुडघा कपारीत आपटला, रॉड वाहत गेला. मामांनी काठीनं अडवला. गुडघा सुजला आणि तासाभर मी कयाकमध्ये बसून राहिले. मामा एकटेच कमरेइतक्या पाण्यात. मी सांगितलेलं काहीही न करता त्यांनी गढूळ आणि हिरव्या पाण्याची शीव धरली. मला वाटत होतं, स्वच्छ पाणी असताना गढुळाच्या काठाला कोण जाईल. पण कड ती कडच. लहान मासे हिरव्या पाण्यात, शिकारी गढुळाच्या पडद्याआड. तिथं, जेमतेम दोन फूट पाण्यात, सपाट तळावर, एकही धोंडा नसताना त्यांनी अठरा इंची बास काढला. या आकाराला पोचायला बासला बरीच वर्षं लागतात. सहा वर्षांत मी त्या शिवेवर एकदाही गळ टाकला नव्हता.

बाकी दिवस पावसात गेला.

रविवार

शेवटचा दिवस मी मामांसाठी राखला होता आणि कुठं जायचं ते सांगितलं नव्हतं.

हॅरिसबर्गच्या खाली, फॉलमथ नावाच्या वस्तीपाशी. वाटेत थ्री माइल आयलंडचे प्रचंड मनोरे दिसले. 28 मार्च 1979 ला तिथल्या अणुभट्टीचा गाभा अर्धवट वितळला होता. त्याच्या खाली यॉर्क हेवनचं धरण, आणि धरणाखाली कॉनेवागो धबधबा. नाव धबधब्याचं, पण पाणी उंचावरून पडत नाही. काळ्या कातळाच्या मोठ्या पसाऱ्यातून घळीघळींनी उतरतं.

गाडीतून काठापर्यंत झाडीतली पायवाट. मामा पुढे होते. झाडी संपली आणि ते थांबले.

समोर रांजणखळगे होते. काळा, घासून तुकतुकीत झालेला कातळ आणि त्यात कोरलेले रांजण, घागरी, न्हाण्या, कुठं दोन रांजण एकमेकांत फुटून झालेल्या कमानी. कुकडीतल्या निघोजच्या कुंडावर उभं आहोत असं वाटावं. मामांनी चप्पल काढली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आपल्या हितं मळगंगा आहे. हितं कुणाची जागा?" मला उत्तर देता आलं नाही.

दगड सख्खा नाही, चुलत आहे. कुकडीतला बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा होऊन जमिनीवर पसरला. इथला डायबेस साधारण 20 कोटी वर्षांपूर्वी, खंडं दुभंगताना, तशाच रसातून पण जमिनीच्या पोटात थिजला. घडण जवळपास तीच, आणि पुढचं काम दोन्हीकडे एकाच कारागिराचं: भोवऱ्यात अडकलेले गोटे गोल गोल फिरत कातळ पोखरतात. मामांनी एका कोरड्या रांजणात हात खांद्यापर्यंत घातला आणि तळातून अंड्याएवढे तीन गोटे काढले, गुळगुळीत. बघितले आणि परत ठेवले.

"आवर्तन सुटलं की आमचं पाणी अस्संच चढतं," ते म्हणाले. इथंही तसंच, वरच्या धरणातून पाणी वाढलं की खडकावरचा माणूस बघता बघता बेटावर अडकतो. मी एका रांजणाच्या काठावर पाण्याच्या रेषेला खडा ठेवला, खूण म्हणून.

इथं बास पायऱ्यांवर किंवा फटींत नाही तर घळींत असतो, दोन भिंतींमध्ये, सावलीत, जिथं वरून येणारं पाणी एकदा वळसा घेतं. पोलराइज्ड गॉगल लावून वरून बघितलं की तळ दिसतो. मामांना गॉगल दिला आणि आम्ही दोघं पालथे पडलो. दगड उन्हानं तापलेला. खाली पाच-सहा फूट पाणी, तळाशी अर्धा फुटलेला रांजण, आणि त्या रांजणाच्या ओठावर एक बास. मोठा. शेपूट जेमतेम हलत होती. त्याच्यापासून वीतभर अंतरावर धार जोरात जात होती, तिच्यातून बुडबुडे आणि पानं सुटत होती, आणि तो मात्र टांगून ठेवल्यासारखा स्थिर. एक पान गेलं, हलला नाही. एक काडी गेली. मग काहीतरी तपकिरी, कदाचित क्रेफिश, धारेतून आलं; तो अंगाच्या लांबीभर पुढे गेला, धारेत शिरला, तोंड उघडमिट झालं, आणि धारेनंच त्याला परत रांजणाच्या ओठावर आणून ठेवलं. नेमका त्याच जागी.

"बघितलंस?" मामा कुजबुजले. "जाताना जोर लावला. येताना फुकट आला."

रॉड आमच्या मागं खडकाला टेकून होता. दोघांपैकी कुणीही त्याला हात लावला नाही. बास पुन्हा गेला, पुन्हा आला. अर्धा तास झाला असेल. मग बुडबुड्यांची रेघ सरकल्यासारखी वाटली, धार जरा रुंद झाली, आणि बासनं रांजणाचा ओठ सोडला. मागं सरकून आत, पोकळीत गेला. मी मान वळवून खूण बघितली. खडा पाण्याखाली होता.

"उठा मामा," मी म्हटलं. मामांनी एका हातात चप्पल घेतली, दुसरा माझ्या खांद्यावर ठेवला, आणि आम्ही कातळावरून काठाकडे निघालो.